‘फास्ट’चा अर्थ कसा लावायचा

फास्ट लोकल, फास्ट बोलर, फास्ट फूड इथपर्यंत काही अडत नाही. पण ‘फास्ट अस्लीप’ किंवा ‘फास्ट कलर’ आलं की ‘वेगवान’ हा अर्थ कुठेच बसत नाही. अशा वेळी थेट मुळाशी जावं.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता घट्ट, पक्का, न हलणारा. ‘फासन’ म्हणजे बांधणं, ते यातलंच. बोटीवर ‘मेक फास्ट’ म्हटलं की दोर पक्का बांधायचा. घट्टचा वेग कसा झाला? मराठीतलं ‘जोरात’ आठवा: ‘जोरात धर’ आणि ‘जोरात पळ’. तिकडेही घट्ट, मग जोर लावून, मग भरभर असाच प्रवास झाला. उपवासाचा ‘फास्ट’ही याच मुळाचा, नियम घट्ट धरून ठेवणं. आपण कडक उपवास म्हणतो, तसंच. ‘ब्रेकफास्ट’मध्ये तो सुटतो.

वाक्य समोर आलं की आधी विरुद्धार्थी शब्द घालून बघा. ‘स्लो’ चालला तर वेग, ‘लूज’ चालला तर घट्टपणा. दोन्ही चालत नसतील आणि खाण्यापिण्याचा विषय असेल तर उपवास. ‘फास्ट अस्लीप’ला ‘स्लो’ लागत नाही. ती गाढ झोप. घड्याळाला लागतो, पण मराठीत घड्याळ ‘पुढे’ असतं, जलद नसतं.

जास्त घोटाळा होतो तो व्यवसायातल्या वापरात. कापडाचा ‘फास्ट कलर’ म्हणजे न जाणारा पक्का रंग. ‘झटपट चढणारा रंग’ हे भाषांतर साफ चूक. हा पक्केपणा धुण्यासाठी १ ते ५ आणि उन्हासाठी १ ते ८ अशा श्रेणींत मोजतात, मोठा आकडा चांगला. फोटोग्राफीत मात्र वेगच: ४०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) फास्ट फिल्मला १०० आयएसओच्या फिल्मपेक्षा चौपट कमी प्रकाश पुरतो, म्हणून शटर चौपट लवकर मिटवता येतं.

शब्दकोश बघताना त्यातला क्रम तपासा. विद्यार्थ्यांच्या कोशात बहुधा सर्वांत रूढ अर्थ आधी येतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात (१८८४ ते १९२८ मध्ये भागाभागाने निघालेल्या) सर्वांत जुना. पहिला अर्थ तोच मूळ, असं धरलंत तर फसाल. शब्दाच्या डोक्यावर बारीक १, २ असे आकडे असतील तर त्या वेगळ्या नोंदी. पण वेगळी नोंद म्हणजे वेगळं मूळ असंही नाही. व्युत्पत्ती वाचूनच ठरवा. ‘फास्ट’च्या नोंदी एका मुळाशी मिळतात. ‘बाउंड’च्या मिळत नाहीत: बांधलेला हा ‘बाइंड’वरून, ‘होमवर्ड बाउंड’मधला (घराकडे निघालेला) जुन्या नॉर्समधल्या, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतल्या, ‘तयार’वरून, तर सीमा आणि उडी हे फ्रेंचमधून आलेले दोन निरनिराळे शब्द.