डॉक्टर रिटायर होतायत? दवाखाना बंद करताना काय काय करायचं आणि कुठल्या क्रमाने

आमच्या आईने तालुक्याच्या गावात ३४ वर्षं प्रसूतिगृह चालवलं, बारा खाटांचं, आणि एक दिवस जेवताना म्हणाली की बास आता, गुडघे ऐकत नाहीत. मला वाटलं बोर्ड उतरवायचा, कुलूप लावायचं, झालं. पुढे वर्ष-सव्वा वर्ष फायली घेऊन मीच फिरत होते (मी डॉक्टर नाही, बँकेत आहे, त्यामुळे फॉर्म भरायचं काम आपोआप माझ्याकडे आलं). त्यात एक गोष्ट चांगली कळली, की दवाखाना बंद करण्यात क्रमाला फार महत्त्व आहे. जे शेवटी करायचं ते लोक आधी करून बसतात आणि मग अडकतात.

सगळ्यात आधी तारीख ठरवा. प्रसूतिगृह असेल तर मोजणी उलटी करायची. आईने ३१ मार्च ठरवला, कारण एक तर हिशोबाचं वर्ष संपतं आणि नर्सिंग होमचं रजिस्ट्रेशन तीन वर्षांचं असतं तेही ३१ मार्चलाच संपतं. आमचं नेमकं त्याच वर्षी संपत होतं. मग ३१ मार्चपासून नऊ महिने मागे गेलो की जून, म्हणजे जुलैपासून नवीन पेशंटचं नाव नोंदवायचं बंद. "पुढच्या वर्षी मी नसेन गं, आत्ताच दुसरीकडे नाव घाल" हे तिने प्रत्येकीला तोंडाने सांगितलं. सातव्या महिन्यात बाईला दुसरा दवाखाना शोधायला लावणं वाईट, आणि ऐन वेळी काही झालं तर बोट आपल्याकडेच येतं.

दुसरं, पेशंटच्या आधी स्टाफला सांगा. आमच्याकडच्या सिस्टर बावीस वर्षं होत्या, त्यांना बाहेरून कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. ग्रॅच्युइटीचा कायदा दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे लागतो, आमच्याकडे सहाच होती, तरी आईने त्याच हिशोबाने दिली, म्हणजे शेवटचा पगार भागिले २६ गुणिले १५ गुणिले वर्षं. कायद्याने नाही पण रीतीने द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पेशंट. नुसती नोटीस चिकटवून भागत नाही. आम्ही रजिस्टर घेऊन बसलो आणि ज्यांना फोन करायलाच हवा अशांची यादी काढली. तांबी बसवलेल्या बायका पहिल्या, कारण नेहमीची ३८० ए तांबी दहा वर्षं चालते आणि काढायची तारीख फक्त आईच्या कार्डावर होती, बाईच्या लक्षातही नसते. मग आरएच निगेटिव्ह रक्तगटाच्या, मग आधी सीझर झालेल्या (सीझर का झालं हे पुढच्या डॉक्टरला कळायलाच हवं), आणि ज्यांचे तपासणीचे रिपोर्ट यायचे बाकी होते त्या. प्रत्येकीला एका पानाचा गोषवारा दिला, सही-शिक्क्यासकट.

कागदांचं काय करायचं हा सगळ्यात मोठा प्रश्न, आमच्याकडे एक अख्खी खोली भरलेली होती. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ॲडमिट पेशंटची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवावी लागतात आणि पेशंटने मागितली तर ७२ तासांत द्यावी लागतात, दवाखाना बंद झाला म्हणून ते सुटत नाही. सोनोग्राफीचे फॉर्म दोन वर्षं, गर्भपाताचं रजिस्टर पाच वर्षं आणि तेही कुलपात, कारण ते गोपनीय असतं. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षं आहे पण उशीर माफ होऊ शकतो, म्हणून जिथे जराही कुरबूर झाली होती त्या फायली आम्ही वेगळ्या काढून जपून ठेवल्यात. पोलीस केस किंवा कोर्टाचं काही चालू असेल तर ते संपेपर्यंत कागदाला हात लावायचा नाही. जन्माचं रजिस्टर तर टाकूच नका. जन्मनोंदीत बाळाचं नाव पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं, आणि पोरं दहावीला गेली की आईवडिलांना एकदम ते आठवतं.

बाकीचं नष्ट करायचं तर बारीक फाडून. रद्दीवाल्याला देऊ नका हो, उद्या भेळेच्या पुड्यावर कुणाचा तरी रिपोर्ट निघेल.

सोनोग्राफी मशीन असेल तर इथे जरा थांबून वाचा. लिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यात रजिस्ट्रेशन दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, त्यामुळे "मशीनसकट दवाखाना घेतो" असं कुणी म्हणालं तरी त्याला स्वतःचं नवीन रजिस्ट्रेशन काढावंच लागतं. केंद्र बंद करताना सर्टिफिकेटच्या दोन्ही प्रती समुचित प्राधिकाऱ्याकडे (म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) जमा करायच्या आणि पोच घ्यायची, शिक्का आणि तारखेसकट. मशीन फक्त रजिस्टर असलेल्या केंद्रालाच विकता येतं, आणि विकायच्या आधी त्याच ऑफिसला लेखी कळवा. दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत त्या ऑफिसला द्यायचा रिपोर्ट सर्टिफिकेट जमा होईपर्यंत चालू ठेवायचा, सोनोग्राफी शून्य असली तरी. आमच्या ओळखीतल्या एका डॉक्टरांनी मशीन बंद आहे म्हणून रिपोर्ट पाठवणं सोडलं आणि मग नोटिशीला उत्तरं देत बसले.

किरकोळ पण राहून जाणारी कामं: जैविक कचऱ्याच्या गाडीचा करार शेवटच्या दिवसानंतर निदान पंधरा दिवस चालू ठेवा, कारण सुया आणि मुदत संपलेली औषधं साफसफाईतच सापडतात. मग प्रदूषण मंडळाला कळवा. ऑक्सिजन सिलेंडर परत करून डिपॉझिट घ्या. पाऱ्याचं जुनं बीपीचं मशीन भंगारात टाकू नका. स्टाफचा प्रोफेशनल टॅक्स भरायचा नंबर रद्द करा, दुकाने-आस्थापनेच्या ऑफिसला कळवा, बाकी सीएला विचारा. बँकेचं खातं मात्र वर्षभर राहू द्या, विमा कंपन्यांचे पैसे सावकाश येतात.

आता जे लोक उलटं करतात ते. मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आणि इन्डेम्निटी पॉलिसी (पेशंटने डॉक्टरवर दावा केला तर खर्च देणारा विमा), ही दोन्ही बंद करायची घाई करू नका. रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू होतं, त्याला क्रेडिट पॉइंट (डॉक्टरांच्या परिषदा-कार्यशाळांना हजेरी लावून मिळतात ते) लागतात, कटकट आहे, पण ते नसेल तर शेजारच्या काकूंना साधी गोळीसुद्धा लिहून देता येत नाही. आणि पॉलिसी बहुतेक अशी असते की दावा येतो त्या वेळी ती चालू हवी, उपचार केले तेव्हा चालू होती एवढं पुरत नाही. म्हणजे मार्चमध्ये पॉलिसी सोडली आणि डिसेंबरात जुन्या केसची नोटीस आली तर वकिलाचा खर्च घरातून. आईने प्रीमियम परवडत नाही म्हणून कुरकुर केली पण मी तीन वर्षं चालू ठेवायला लावलीय, एजंटला सांगितलं की प्रॅक्टिस बंद झाल्याचं पॉलिसीत लिहून दे, हप्ता कमी होतो का बघ.

फोन नंबर शेवटी. लँडलाइन लगेच कापू नका. बोर्ड उतरला तरी गावाबाहेरच्या वस्तीवरून रात्री दोनला फोन येतोच, कळा सुरू झाल्यात म्हणून. आम्ही तो आईच्या मोबाइलवर वळवलाय, आणि फोनशेजारी एका कागदावर जवळच्या तीन दवाखान्यांचे नंबर आणि खाली १०८ असं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, झोपेतून उठून चष्मा न लावता वाचता येईल असं.