एकाच ग्राफिक्स कार्डावर तीन मॉनिटर लावायचेत? आधी पीसीच्या मागे डोकावून बघा

तीन मॉनिटर म्हटलं की लोकांना वाटतं आता नवीन महागडं कार्ड घ्यावं लागणार. बहुतेक वेळा लागत नाही. कार्डांच्या चिप बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या म्हणजे एनव्हीडिया आणि एएमडी. एनव्हीडियाची ५०० सिरीजपर्यंतची गेमिंग कार्डं मागे तीन पोर्ट असले तरी एका वेळी दोनच मॉनिटर चालवायची, पण २०१२ मध्ये ६०० सिरीज आली आणि ती अडचण बरीचशी संपली, आणि एएमडीकडे तर आयफिनिटी नावाने ही सोय २००९ पासूनच आहे. म्हणजे कार्डाला झेपतं. घोळ होतो तो केबल आणि कन्व्हर्टर घेताना, म्हणून मी त्याबद्दलच जास्त लिहितोय.

आमच्या ताईचं उदाहरण घ्या. ती अकाउंट्सची कामं घेते, तिला एका स्क्रीनवर टॅली, दुसऱ्यावर एक्सेल आणि तिसऱ्यावर जीएसटीचं पोर्टल हवं होतं, कारण महिनाअखेरीला दिवसभर या तिन्हीत उड्या मारून तिचं डोकं दुखायचं. कार्ड एनव्हीडियाचं जीटीएक्स १०५० टीआय, घरात दोन एचडीएमआयवाले मॉनिटर आणि एक जुना चौकोनी १९ इंची, ज्याला फक्त निळा व्हीजीए, म्हणजे जुन्या पद्धतीचा अॅनालॉग पोर्ट.

पहिलं काम म्हणजे मोबाइलचा टॉर्च लावून पीसीच्या मागे बघायचं आणि कार्डाचे पोर्ट कागदावर लिहून काढायचे. मॉनिटरचेही. ताईच्या कार्डाला एक एचडीएमआय, एक डिस्प्लेपोर्ट आणि एक पांढरा डीव्हीआय होता. डिस्प्लेपोर्ट एचडीएमआयसारखाच दिसतो, पण त्याचा एकच कोपरा कापलेला असतो. उभ्या कॅबिनेटमध्ये वरच्या भागात यूएसबीच्या जोडीला जे पोर्ट असतात ते मदरबोर्डचे, ग्राफिक्स कार्डाचे खाली आडव्या रांगेत असतात, आणि तिन्ही केबल या आडव्या रांगेतच लावायच्या.

मग कार्डाचं पूर्ण मॉडेल नाव टाकून कंपनीच्या पानावर जास्तीत जास्त किती डिस्प्ले चालतात ते बघा. नुसते पोर्ट मोजून ठरवू नका.

आता केबल. ताईने दुकानात "डीव्हीआयला व्हीजीए मॉनिटर लावायचाय" सांगितलं तर तिला छोटा पांढरा प्लग दिला, तो बसेचना. कारण डीव्हीआय दोन प्रकारचे असतात. आडव्या चपट्या खाचेच्या आजूबाजूला चार बारीक भोकं असतील तर त्यातून व्हीजीएला लागणारा अॅनालॉग सिग्नल मिळतो, नुसती खाच असेल तर तो डीव्हीआय-डी, त्यात फक्त डिजिटल. १०५० टीआयला डीव्हीआय-डीच असतो, तिथे तो प्लग कामाचा नाही. दुसऱ्यांदा तिला एचडीएमआय स्प्लिटर दिला, तो लावला तर दोन्ही मॉनिटरवर तेच टॅली! स्प्लिटर एकच चित्र दोन ठिकाणी दाखवतो, वेगळी स्क्रीन देत नाही, त्यामुळे या कामासाठी कोणी स्प्लिटर दिला तर घेऊ नका.

शेवटी जमलं ते असं: पहिला मॉनिटर सरळ एचडीएमआय टू एचडीएमआय. दुसरा डीव्हीआय टू एचडीएमआय केबलने, दोन्ही डिजिटल असल्यामुळे साधी केबल पुरते. जुना चौकोनी मॉनिटर डिस्प्लेपोर्ट टू व्हीजीए कन्व्हर्टरने, त्यात आत चिप असते आणि ती पॉवर पोर्टमधूनच घेते. खरेदी करताना दिशा नक्की तपासा, डिस्प्लेपोर्ट टू एचडीएमआय केबल उलटी लावून चालत नाही, कार्डाकडचं टोक डिस्प्लेपोर्टचंच पाहिजे.

जुनं एएमडी कार्ड असेल, एचडी ५००० सिरीजच्या आसपासचं, तर हे नीट वाचा. दोन मॉनिटर चालतात, तिसरा विंडोजला दिसतो पण सुरूच होत नाही, आणि माणूस कार्ड खराब समजून बसतो. होतं असं की एचडीएमआय आणि डीव्हीआय मॉनिटरला प्रत्येकी एक क्लॉक सिग्नल लागतो आणि त्या कार्डांमध्ये असे क्लॉक दोनच आहेत, डिस्प्लेपोर्टला मात्र असा वेगळा क्लॉक लागत नाही. तुम्ही डिस्प्लेपोर्टला साधी स्वस्त एचडीएमआय केबल लावली की तो पोर्टच एचडीएमआयचा सिग्नल सोडायला लागतो, म्हणजे तिसरा क्लॉक मागतो, आणि तो शिल्लक नसतो. उपाय एकच, दुकानात स्पष्ट शब्दांत "अॅक्टिव्ह" कन्व्हर्टर, म्हणजे आत स्वतःची चिप असलेला, मागायचा, किंवा तिसरा मॉनिटरच डिस्प्लेपोर्टवाला घ्यायचा.

सगळं हातात आलं की पीसी बंद करून केबल लावा, डीव्हीआय-व्हीजीएचे स्क्रू हाताने पिळा, पीसी चालू करा. डिस्प्लेपोर्टच्या बऱ्याच केबलना वर छोटं बटण असतं, काढताना ते दाबूनच ओढायचं, नाहीतर पोर्ट तुटू शकतो.

विंडोजमध्ये विंडोजचं बटण आणि पी दाबून एक्स्टेंड निवडा. मग डेस्कटॉपवर राइट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज, तिथे आयडेंटिफाय दाबलं की प्रत्येक मॉनिटरवर नंबर येतो. टेबलावर मॉनिटर ज्या क्रमाने ठेवलेत त्याच क्रमाने स्क्रीनवरचे चौकोन माउसने ओढून लावा आणि समोरच्याला मेन डिस्प्ले करा. इथे घाई करू नका. ताईचा चौकोनी मॉनिटर १२८० × १०२४ चा आणि शेजारचा १९२० × १०८०, म्हणजे उंचीत ५६ पिक्सेलचा फरक, त्यामुळे कडेच्या तेवढ्या पट्टीत माउस अडकायचा आणि तिला वाटायचं माउस बिघडला. चौकोन थोडा वर-खाली सरकवून खालच्या कडा जुळवल्या, आता माउस खालून बिनअडथळा जातो, अडतो तो फक्त वरच्या टोकाला आणि तिथे तिचं काही काम नसतं.

तिसरा दिसतच नसेल तर आधी मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत इनपुट बरोबर निवडलाय का बघा, मग केबलांची अदलाबदल करा, म्हणजे दोष केबलचा, पोर्टचा की मॉनिटरचा ते लगेच कळतं, त्यानंतर कार्डाचा ड्रायव्हर अपडेट करा.

कार्डाला पोर्टच कमी असतील आणि प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स असेल तर बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) आयजीपीयू मल्टी-मॉनिटर असा पर्याय मिळतो का बघा, तो चालू केला की तिसरा मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टवरही चालतो. काही मॉनिटरना डिस्प्लेपोर्ट आउट असतो, त्यातून एकाला एक जोडत नेता येतात, ती पद्धत विंडोजवर चालते, मॅकवर तशा जोडलेल्या मॉनिटरांवर एकच चित्र येतं.

रोजच्या वापरात विंडोज, शिफ्ट आणि डावा-उजवा बाण एकत्र दाबले की उघडी खिडकी शेजारच्या मॉनिटरवर जाते. ताई आता हेच वापरते.

आणि यूपीएस. तिन्ही मॉनिटर त्यावर टाकण्याआधी प्रत्येकाच्या मागच्या स्टिकरवरचे वॅट बघून बेरीज करा. आम्ही पीसी आणि मधला एकच मॉनिटर यूपीएसवर ठेवलाय, बाकीचे दोन थेट बोर्डावर, कारण लाइट गेली की टॅलीतली एंट्री पुरी करून पीसी बंद करायला तेवढा एक पुरतो.