रोलरकोस्टर टायकूनकडे परतताय? मग या चुका टाळा

दर मे महिन्यात ओळखीतल्या कुणाला तरी रोलरकोस्टर टायकूनची, म्हणजे थीम पार्क उभारून चालवायच्या त्या जुन्या कॉम्प्युटर गेमची, हुक्की येते. शाळेत असताना सुट्टीत खेळलेला गेम आता स्वतःच्या पैशांनी विकत घेतला जातो आणि रात्री मुलं झोपल्यावर त्यातलं ‘फॉरेस्ट फ्रंटियर्स’ हे पार्क उघडलं जातं. गाडी चढ चढायला लागली की साखळीचा तो खडखडाट, मग पहिल्या उतारावरच्या किंकाळ्या. पहिला तासभर माणूस नुसता हळवा होतो. चौथ्या दिवशी मला फोन येतो, ‘अगं, पूर्वीसारखी मजा नाही राहिली त्यात.’

गेम जिथल्या तिथेच आहे. आपला धीर सुटलाय. मी वीस वर्षांहून जास्त काळ हा गेम खेळते आहे आणि त्याच त्या चुका बघून आता खरंच कंटाळले आहे. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

कोस्टर बांधला, की विसरला

ही सगळ्यात मोठी चूक, आणि माझ्या हातून ती अशी झाली की अजून विसरता येत नाही.

आत्याकडे चिंचवडला कॉम्प्युटर होता. दादा, म्हणजे माझा आत्तेभाऊ, कॉलेजला गेला की दुपारभर तो माझाच. गेममधलं ‘लीफी लेक’ हे पार्क खेळत होते. तिसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबर अखेरीस पार्कात ५०० माणसं हवीत आणि पार्क रेटिंग ६०० च्या खाली असता कामा नये, एवढीच अट. पहिल्याच वर्षी तळ्याच्या कडेने एक कोस्टर बांधला होता, दोन गाड्यांचा. तो चालत होता, पैसे येत होते, त्यामुळे मी त्याची माहितीची खिडकी परत कधी उघडलीच नाही.

या गेममध्ये पार्कातल्या कुठल्याही माणसाचं नाव बदलता येतं. मी घरातल्या सगळ्यांची नावं देऊन ठेवली होती. आई, बाबा, आत्या, दादा, आणि लाल शर्टातल्या एका माणसाला ‘आजी’, रोमन अक्षरांत. त्या नावावर लक्ष ठेवायची खूण केली, की ती व्यक्ती कुठल्या राइडमध्ये बसली हे खाली पट्टीवर दिसत राहतं. खरी आजी तेव्हा मागच्या कॉटवर शेंगा सोलत बसलेली असायची. ‘मी आता कुठाय गं?’ असं मधूनच विचारायची आणि मी सांगायचे, ‘आत्ता आइसक्रीम घेतलंस.’

तिसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये, आकडा ४८० च्या आसपास असताना, पट्टीवर आलं की कोस्टर बिघडलाय. बिघाड होता ब्रेक फेलचा. एक गाडी स्टेशनात माणसं भरत उभी होती आणि दुसरी शेवटचा उतार उतरून भरधाव आत आली. अपघातात किती माणसं गेली त्याचा संदेश आला. मी माणसांची यादी उघडली. त्यात आजी नव्हती, कारण ती मेली होती. मागून आजीने विचारलं, ‘मी कुठाय?’ मी कॉम्प्युटर बंद केला आणि रडायला लागले. मी अकरा वर्षांची होते.

आता यातलं तंत्र नीट समजून घ्या. ब्रेक फेल हा बिघाड नव्या राइडला होतच नाही. राइडला १६ महिने व्हावे लागतात आणि तिची विश्वसनीयता ५० टक्क्यांवर किंवा त्याखाली यावी लागते. या गेममधलं वर्ष मार्च ते ऑक्टोबर असं आठच महिन्यांचं असतं, म्हणजे बरोबर दोन हंगाम. तोपर्यंत माणूस निर्धास्त झालेला असतो आणि नेमकं तेव्हाच गाठतं. दोन वर्षं काही झालं नाही याचा अर्थ कोस्टर सुरक्षित आहे असा होत नाही.

माझी सवय सांगते. राइड उघडण्याआधी तपासणीची मुदत ३० मिनिटांवरून १० वर आणायची. गेम ती आपणहून ३० वर ठेवतो आणि नव्वद टक्के लोक तिला हातही लावत नाहीत. मेकॅनिकला महिना ८० पाउंड पगार आहे. तो वाचवायच्या फंदात पडू नका. प्रत्येक मोठ्या कोस्टरला स्वतःचा मेकॅनिक द्या आणि त्याच्या गस्तीची हद्द निळ्या चौकटींनी आखून द्या, नाहीतर तो पार्काच्या दुसऱ्या टोकाला भटकत राहतो. आणि हे फार थोड्यांना माहीत असतं: मेकॅनिक राइडमध्ये शिरतो तो बाहेर पडायच्या दारातून. ते दार कुठेतरी मागे काढून त्याची वाट अर्ध्या तळ्याला वळसा घालून नेली, की तो पोचेपर्यंत सगळं संपलेलं असतं. माझ्या लीफी लेकमध्ये नेमकं हेच होतं.

आणि ब्लॉक ब्रेक वापरा. रुळाचे टप्पे पाडले, की एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी राहते, आणि अशा पद्धतीने एकापेक्षा जास्त गाड्या चालवल्या तर ब्रेक फेल हा बिघाडच येत नाही. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. टप्पे पाडायचा कंटाळा असेल तर एकच गाडी ठेवा. उत्पन्न कमी होईल, होऊ द्या.

रुंद रस्ते

‘मोकळं मोकळं वाटायला पाहिजे’ म्हणून तीन-तीन चौकोन रुंद रस्ते बांधणारे लोक आहेत. दिसायला छान दिसतं, मान्य. पण या गेममधली माणसं रस्ता तुमच्या-माझ्यासारखी शोधत नाहीत. कुठे जायचं ठरलेलं नसेल तर प्रत्येक फाट्यावर ती कुठल्याही बाजूला वळतात. ठरलेलं असेल तरी थोड्या फाट्यांपलीकडचा विचार त्यांना करता येत नाही. रस्ता रुंद केला, की त्याचा प्रत्येक चौकोन एक चौक होतो. मग ‘मी हरवलोय’, ‘बाहेरचं दार सापडत नाही’ असे विचार त्यांच्या खिडकीत दिसायला लागतात. हरवलेली माणसं २५ च्या वर गेली, की प्रत्येक जादा माणसामागे पार्क रेटिंग घसरतं.

हे ज्याला शिकायचं असेल त्याने ‘एव्हरग्रीन गार्डन्स’ खेळावं. जुनी बाग, आधीच बांधलेले नागमोडी रस्ते, आणि चौथ्या वर्षाच्या शेवटी १००० माणसं. मी पहिल्यांदा खेळले तेव्हा ती बाग मोडायचं माझ्या जिवावर आलं. राइड्स वाढवत गेले आणि माणसं येत गेली, पण रेटिंग काही केल्या वर सरकेना. शेवटी बाकी सगळं सोडून एका माणसाच्या मागे लागले. त्याला घरी जायचं होतं. दार त्याच्यापासून डाव्या हाताला फार तर दहा चौकोनांवर होतं. तो उजवीकडे वळला, हिरव्या कुंपणाला वळसा घातला, पुन्हा त्याच फाट्यावर आला आणि परत उजवीकडे वळला. मी नऊ फेऱ्या मोजल्या. त्याच्या हातात फुगा होता आणि चेहरा दर फेरीला अजून पडत होता.

त्या दिवशी मी अर्धी बाग उखडली. एकच मुख्य रस्ता ठेवला, दारापासून सरळ. त्याला फाटे मोजकेच, आणि प्रत्येक फाटा कुठल्यातरी राइडला जाऊन संपणारा. गोल फिरून परत येणारी वाट एकही ठेवली नाही. दारापाशी माहिती केंद्र उभारलं आणि नकाशा अगदी स्वस्तात विकायला ठेवला. नकाशा घेतलेल्या माणसाला वाट लांबपर्यंत शोधता येते. गर्दी वाढली तर रस्ता रुंद करू नका. वर दुसरा रस्ता बांधा, नाहीतर राइड्स लांब लांब ठेवा.

रागीट कोस्टर

हा अधीर नवशिक्यांचा लाडका उद्योग. उंची जास्त, वेग जास्त, तीन लूप, आणि मग ‘कोणी बसतच नाही’ म्हणून तक्रार. चाचणी फेरीनंतर आकडे येतात ते वाचा ना! तीव्रता १० च्या वर गेली की तो कोस्टर जवळजवळ सगळ्यांना नकोसा होतो. बाजूने बसणारा धक्का २.८० जीच्या (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या २.८० पटीच्या) वर गेला की गेम तो आकडा लाल रंगात दाखवतो, आणि त्याबरोबर राइडची मजाही घटते. बहुतेक वेळा कारण एकच असतं, वेगात असताना सपाट वळण. ते वळण तिरपं करा किंवा मोठ्या घेराचं घ्या. मी चाचणीची फेरी पूर्ण बघितल्याशिवाय राइड कधीच उघडत नाही. पहिल्या डब्यावर नजर ठेवते आणि आलेखात लाल कुठे येतंय ते त्याच्याशी ताडून बघते. यात दहा मिनिटं जातात. ती ज्याला जड वाटतात त्याने हा गेम का उघडला, हे मला कळत नाही.

बारीकसारीक, पण रोजच्या

हँडीमनला, म्हणजे सफाई करणाऱ्याला, गवत कापायला लावू नका. जुन्या गेममध्ये नवा माणूस ठेवला की तो कातरयंत्र घेऊन गवतात शिरतो आणि इकडे रस्त्यावर ओकाऱ्या वाळत राहतात. त्याच्या खिडकीतली गवताची खूण काढून टाका.

ज्या राइडने मळमळतं, तिच्या बाहेर पडायच्या वाटेवर बाक ठेवा, आणि खाण्याचं दुकान तिच्या तोंडाशी नको.

रांगेची वाट वीस चौकोन लांब करून काही मिळत नाही. माणसं तिच्यात उभी राहून चिडतात आणि तेवढा वेळ दुसरीकडे खर्चही करत नाहीत.

पाऊस पडताना छत्रीची किंमत कितीही वाढवली तरी माणसं छत्री घेतात. मी हे करत नाही. पावसात अडकलेल्या माणसाला लुबाडून माझं पार्क चालायला नको आहे.

कर्ज पहिल्याच महिन्यात फेडायची घाई नको. आधी दोन-तीन राइड उभ्या करा.

आडवाटा

कुणीतरी बनवलेले तयार कोस्टर आणून पार्कात ठेवणं, पैसे वाढवून घेणं, आणि ओपन-आरसीटी-टूमध्ये, म्हणजे चाहत्यांनी बनवलेल्या या गेमच्या नव्या रूपात, वेळ आठपट पळवणं, हे तिन्ही मला मनापासून खटकतात. ओपन-आरसीटी-टूवर माझं प्रेम आहे. लोकांनी स्वतःच्या वेळात हा जुना गेम नव्या कॉम्प्युटरवर जिवंत ठेवला, मोठ्या पडद्यावर नीट दिसेल असा केला, चार जणांना मिळून एक पार्क चालवता येईल असा केला. पण वेळ पळवायचं बटण हाताशी आलं म्हणून ते दाबत सुटायचं नसतं. ख्रिस सॉयर नावाच्या एका स्कॉटिश माणसाने हा गेम जवळजवळ सगळाच्या सगळा असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या भाषेत लिहिला. चित्रं सायमन फॉस्टरची, संगीत अ‍ॅलिस्टर ब्रिंबलचं. १९९९ च्या साध्या कॉम्प्युटरवर शेकडो माणसं, प्रत्येकाची भूक, तहान, मळमळ आणि खिशातले पैसे वेगळे, असं सगळं एकाच वेळी चालायचं. ती माणसं बघायलाच जर वेळ नसेल, तर खेळण्यासारखं उरतं काय?

‘फॉरेस्ट फ्रंटियर्स’मध्ये पहिल्या वर्षाअखेर २५० माणसं हवी असतात. ते वर्ष साध्या वेगाने खेळा. एकदा तरी.

फाइल सापडत नाही

ओपन-आरसीटी-टू मूळ गेमच्या फाइलींशिवाय चालत नाही. तुमच्याकडे गेमचा दुसरा भाग किंवा ‘रोलरकोस्टर टायकून क्लासिक’ विकत घेतलेला असावा लागतो. फोल्डर दाखवताना लोक ‘डेटा’ नावाच्या आतल्या फोल्डरवर बोट ठेवतात. एक पायरी बाहेर या, ज्यात ‘डेटा’ आहे ते फोल्डर निवडा. पहिल्या भागातले जुने सेव्ह उघडायचे असतील तर सेटिंगमध्ये पहिल्या गेमचंही फोल्डर दाखवा, म्हणजे सगळं नीट दिसेल.

आणि जुने सेव्ह फेकू नका. हे खूप जण करतात, जुना कॉम्प्युटर भंगारात देताना आत काय आहे ते बघतही नाहीत. दादाने त्याच्या कॉलेजच्या काळातल्या सीड्या परवा साफ केल्या, त्यातल्या एकीवर स्केचपेनने ‘गेम सेव्ह’ लिहिलेलं होतं. एकूण सहा फाइली. पाचवी लीफी लेकची, तिसऱ्या वर्षाच्या जुलैतली.

ती उघडली आणि लगेच गेम थांबवला. माणसांची यादी काढून नाव शोधलं. मेरी-गो-राउंडच्या रांगेत तिसरी, लाल शर्ट, हातात फुगा, खिशात १४ पाउंड. भूक थोडी, मळमळ अजिबात नाही. आजीला जाऊन आता अकरा वर्षं झाली.

तळ्याकडेच्या कोस्टरची खिडकी उघडली. विश्वसनीयता ४६ टक्के. तपासणी १० मिनिटांवर आणली, एक गाडी काढून टाकली, बाहेरच्या दाराची लांब वाट तोडून सरळ केली आणि दारातच मेकॅनिक ठेवला. मग गेम सुरू केला.