सोमाली चहाच्या टेबलावर बसायचं असेल तर

मिनिॲपोलिसला नव्याने आलेल्या मराठी मंडळींना मी आवर्जून सांगतो की सीडर-रिव्हरसाइडला जा, सोमाली चहा घ्या आणि तिथल्या गप्पांत बसा. अमेरिकेतली सर्वांत मोठी सोमाली वस्ती याच भागात आहे. हॉस्पिटलात, टॅक्सीत, मुलांच्या शाळेत त्यांची-आपली रोज गाठ पडते आणि तरी आपण ‘हॅलो’च्या पुढे जात नाही. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रात्रपाळी करतो. सोमाली सहकाऱ्यांबरोबर पाळी सुटल्यावर चहाला जाऊ लागलो आणि तेव्हापासून त्या टेबलाची गोडी लागली. कसं बसावं, काय विचारावं, काय विचारू नये, ते इथे लिहितो.

आधी वेळ. शनिवार-रविवारची सकाळ उत्तम. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे शनिवारचे फुटबॉल सामने इथल्या घड्याळात साडेसहा, नऊ आणि साडेअकराला येतात. आर्सेनल आणि मँचेस्टर युनायटेडचे पाठीराखे समोरासमोर बसतात. हिवाळ्यात सोमालियाची राजधानी मोगादिशू आपल्या नऊ तास पुढे असते. म्हणजे इथे नऊचा सामना सुरू होतो तेव्हा तिकडे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात, दिवसभराच्या बातम्या येऊन पडलेल्या असतात आणि फोनवर व्हॉइस मेसेजची रांग लागलेली असते. त्यामुळे मध्यंतरात विषय हमखास राजकारणाकडे वळतो. नमाजाच्या वेळी टेबल रिकामं होतं. तेव्हा उठून निघून जायचं नाही. बसून राहा, मंडळी परत येतात आणि अर्धवट राहिलेल्या वाक्यापासून पुन्हा सुरू करतात.

आत शिरताना ‘सलाम अलैकुम’ म्हणा. वडीलधाऱ्यांना ‘अदेर’ म्हणजे काका, बरोबरीच्यांना ‘वलाल’ म्हणजे भाऊ. ‘इस्का वर्रन’ म्हणून खुशाली विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका, कारण ते नुसतं ‘बरं आहे’वर संपत नाही. बायकांपुढे आपणहून हात करू नका. चहा दूध, वेलची, दालचिनी, लवंग घातलेला आणि चांगला गोड असतो, आपल्याला लगेच आवडतो. पैशांवरून ओढाताण होईल. पहिल्यांदा त्यांना देऊ द्या, पुढच्या वेळी तुम्ही आधीच काउंटरवर देऊन ठेवा.

आता खेळ. फक्त क्लबांच्या फुटबॉलवर बोललात तरी चालतं, पण टेबल खऱ्या अर्थाने उघडतं ते धावपटूंच्या नावांनी. वयस्कांना अब्दी बिलेबद्दल विचारा. १९८७ साली रोममध्ये त्याने १५०० मीटरचं जागतिक विजेतेपद मिळवलं, सोमालियाच्या झेंड्याखाली. तेव्हा देश अजून एकसंध होता, म्हणून त्या शर्यतीची आठवण सांगताना लोक त्या वर्षांच्या मोगादिशूबद्दलही बोलतात. मध्ये बोलू नका, सांगू द्या.

तरुणांना साप्पोरोबद्दल विचारा. टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन ८ ऑगस्ट २०२१ रोजी तिथे झाली. आमच्या टेबलावरच्या एका टॅक्सीवाल्या अदेरने मला ती साखरेच्या पुड्यांवर समजावली. एक पुडी लांब पुढे ठेवली, तो किपचोगे, त्याचं सुवर्ण ठरलेलंच. मागे तीन पुड्या: नेदरलँड्सचा अब्दी नागेये, केनियाचा चेरोनो, बेल्जियमचा बशीर अब्दी. बशीर मागे पडत होता. अदेरने नागेयेच्या पुडीवर बोट ठेवलं, मान मागे वळवली आणि दुसऱ्या हाताने ‘ये, ये’ अशी खूण केली, अगदी नागेयेने धावता धावता केली होती तशीच. मग दोन्ही पुड्या चेरोनोच्या पुढे सरकवल्या. नागेयेला रौप्य, बशीरला कांस्य, दोघांत दोन सेकंदांचं अंतर. दोघेही मोगादिशूत जन्मलेले. सोमालियाला आजवर एकही ऑलिंपिक पदक मिळालेलं नाही, आणि त्या दिवशी मिळालेली दोन्ही पदकं दुसऱ्या देशांच्या खात्यात गेली. हे दुःख आहे की अभिमान, यावर टेबलावर दोन तट आहेत. दोन्हीकडचं मन लावून ऐका. मला स्वतःला त्या हाताच्या खुणेपुढे पदकतक्ता गौण वाटतो आणि तसं मी तिथे सांगितलंही.

ब्रिटनकडून धावणाऱ्या मो फराचं नाव सगळ्यांना माहीत असतं. लंडन २०१२ आणि रिओ २०१६, दोन्हीकडे ५ हजार आणि १० हजार मीटरची सुवर्णपदकं. पण २०२२ मध्ये त्याने सांगितलं की तो लहानपणी दुसऱ्याच मुलाच्या नावावर ब्रिटनमध्ये आणला गेला होता आणि त्याला परक्या घरी राबवलं जात होतं. त्यावर बोलताना जपून. टेबलावर असे लोक असतात ज्यांची कुटुंबं केनियातल्या दादाबच्या निर्वासित छावण्यांत वर्षानुवर्षं राहिली, ज्यांचे भाऊबंद समुद्रात गेले. सोमालियाची धावपटू सामिया युसुफ ओमर २००८ साली बीजिंगला २०० मीटर धावली आणि २०१२ मध्ये युरोप गाठण्याच्या प्रयत्नात भूमध्य समुद्रात बुडाली. म्हणून ‘तुम्ही इथे कसे आलात?’ हा प्रश्न तुमच्याकडून यायला नको. ज्याला सांगायचं तो आपण होऊन सांगतो.

सामना बघणं हीच गोष्ट त्यांच्यासाठी किती मोलाची आहे, तेही लक्षात असू द्या. २००६ आणि २०१० च्या विश्वचषकांच्या वेळी सोमालियाच्या काही भागांत सशस्त्र गटांनी टीव्हीवर फुटबॉल बघायला बंदी घातली होती. मोगादिशूचं राष्ट्रीय स्टेडियम अनेक वर्षं सैनिकांचा तळ होतं, ते खेळासाठी पुन्हा खुलं झालं २०२० मध्ये. राष्ट्रीय संघाने विश्वचषक पात्रता फेरीतला पहिला विजय मिळवला ५ सप्टेंबर २०१९ रोजी, झिंबाब्वेविरुद्ध १-०, तोही घरच्या मैदानावर नव्हे तर जिबूतीत. इथे भिंतीवरच्या टीव्हीचा आवाज मोठा करून कुणी उभं राहून ओरडत असेल, तर त्याला ‘जरा हळू’ म्हणू नका.

राजकारणाच्या बाबतीत एक नियम बाकी सगळ्यांच्या वर ठेवा: कुळ विचारायचं नाही. आडूनही नाही. ‘मूळ गाव कुठलं?’ हा आपल्याकडचा साधा प्रश्न तिथे कुळाकडेच बोट दाखवतो. १९९१ मध्ये सरकार कोसळलं आणि यादवी पेटली. आज एकाच टेबलावर साखर पुढे करणाऱ्या दोघांची घरं तेव्हा एकमेकांविरुद्ध असू शकतात. संसदेतल्या जागासुद्धा ‘साडेचार’च्या सूत्राने वाटल्या जातात, चार मोठ्या कुळांना सारखा एकेक वाटा आणि उरलेल्या सगळ्यांना मिळून त्यातल्या एका वाट्याचा अर्धा. हे सूत्र त्यांनी काढलं तर जरूर समजून घ्या, पण तुम्ही काढू नका. त्याऐवजी विचारा: इथे किती वर्षं झाली, मुलं कुठल्या शाळेत, संघ कुठला.

दुसरी नाजूक जागा सोमालीलँड, म्हणजे सोमालियाचा उत्तरेकडचा भाग. त्यांचा स्वातंत्र्यदिन २६ जून १९६०, दक्षिणेचा आणि दोन्ही भागांच्या एकीकरणाचा १ जुलै १९६०. १८ मे १९९१ ला सोमालीलँडने वेगळं होत असल्याचं जाहीर केलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये इस्रायलने मान्यता दिल्यापासून वाद फार तापला आहे. सोमालीलँडच्या राजधानीचा, हर्गेयसाचा माणूस आणि मोगादिशूचा माणूस शेजारी बसलेले असताना ‘मग तो वेगळा देश आहे की नाही?’ असा निकाल मागू नका. ‘तुमच्या घरी यावर काय बोलणं होतं?’ असं विचारा. उत्तर लांबतं, आणि त्यातून वर्तमानपत्रात न सापडणारं बरंच हाती लागतं.

आवाज चढले की घाबरू नका. टेबलावर हात आपटून बोलणारे दोघे नंतर एकाच गाडीतून घरी जातात. बातमी कुठून आली, हे मात्र विचारायला शिका, आणि ते विचारलेलं त्यांना आवडतं. बीबीसीची सोमाली सेवा १९५७ पासून चालू आहे, जुनी माणसं तिचा हवाला देतात. तरुण मुलं व्हॉट्सॲपवर आलेला आवाज ऐकवतात. दोन्ही जुळेपर्यंत आपण मत देऊ नये. आपल्या देशातल्या राजकारणाशी घाईने तुलनाही करू नका, तिने समोरच्याचा विषय हिरावला जातो.

इथल्या शहराचं राजकारणही तेवढंच रंगतं. २०१३ मध्ये अब्दी वारसामे नगर परिषदेवर निवडून आला, २०१८ मध्ये इल्हान ओमर अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून गेली. दोघांवर कौतुकही ऐकाल, कडक टीकाही. अमेरिकेने काही देशांच्या नागरिकांवर घातलेल्या प्रवासबंदीचा विषय निघाला तर कुणाच्या कागदपत्रांची चौकशी करू नका. २०१७ आणि २०२५ च्या दोन्ही याद्यांत सोमालिया होता आणि टेबलावर कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई त्यामुळे अडकलेली असते. पैसे पाठवण्याचंही तसंच. २०११ च्या शेवटी मिनेसोटातल्या एका बँकेने सोमालियात पैसे पोचवणाऱ्या हवाला कंपन्यांची खाती बंद केली तेव्हा इथे निदर्शनं झाली होती, कारण तिकडच्या घरांचा किराणा त्याच पैशांवर येतो. व्याजदर, डॉलर, नवा नियम असं काही बातमीत आलं की हे लोक कान टवकारतात, त्यामागे हे कारण असतं.

हे टेबल बहुतेक पुरुषांचं. बायकांनी कार्मेल मॉलला जावं. कापड, सोनं, मेंदी अशा छोट्या दुकानांत हाच संवाद चालतो, आणि माझ्या पत्नीचा अनुभव असा की निवडणुकांपेक्षा पैसे, शाळा आणि व्हिसा यांवर तिथे जास्त नेमकं बोललं जातं. जाताना कापड घ्यायचं नसेल तर आधीच सांगा, चहा तरीही येतो. निघताना दोन्हीकडे ‘नबद गेल्यो’ म्हणायचं, आणि जुलैच्या सुरुवातीला लेक स्ट्रीटवर सोमाली वीक असतो, त्या शनिवारी सुट्टी आत्ताच टाकून ठेवा.