जॅकेटेड गोळी .३२३ इंचावरून .३१८ इंचावर कशी आणावी

जर्मनीत १८८८ साली आलेल्या ८×५७ काडतुसातील गोळी .३१८ इंच व्यासाची होती, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जवळजवळ तशाच दिसणाऱ्या काडतुसाला .३२३ इंचाची टोकदार गोळी मिळाली. पहिल्याला ‘आय’ आणि दुसऱ्याला ‘आयएस’ म्हणतात. ‘आय’ नळीच्या रायफली अजूनही वापरात आहेत, पण गोळ्यांची निवड पाहिली तर ती जवळजवळ सारी .३२३ मध्येच सापडते. म्हणून परवानाधारक हँडलोडर, म्हणजे स्वतः काडतुसे भरणारे, या जॅकेटेड (शिशाच्या गाभ्यावर तांब्याचे कवच असलेल्या) गोळ्या डायमधून, म्हणजे नेमक्या मापाचे भोक असलेल्या साच्यातून, दाबून बारीक करतात. फरक पाच थाऊंचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.१२७ मिलिमीटरचा आहे. जाड गोळी तशीच बारीक नळीत उडवली तर दाब धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकतो, त्यामुळे ‘एवढ्याने काय होते’ असे म्हणणाऱ्याचे या बाबतीत ऐकू नये.

सुरुवात नळी मोजण्यापासून करावी. जुन्या रायफलींच्या नळ्या कधी बदललेल्या असतात, कधी त्यांवर नंतरच्या दुरुस्तीचे शिक्के असतात, आणि शिक्का हा व्यासाचा पुरावा नव्हे. तेल लावलेल्या नळीतून मऊ शुद्ध शिशाचा तुकडा ठोकून बाहेर काढावा व नळीतील खाचांमुळे त्यावर उमटलेल्या उंचवट्यांचा, म्हणजे तुकड्याच्या सर्वांत जाड भागाचा, व्यास मायक्रोमीटरने घ्यावा. व्हर्निअर कॅलिपर येथे पुरत नाही. ज्या कामात निम्म्या थाऊचा हिशेब आहे त्यात एका थाऊची चूक करणारे साधन घेऊन बसण्यात अर्थ नाही.

गोळी सपाट तळाची घ्यावी. निमुळत्या तळाच्या गोळीला पंच, म्हणजे तिला मागून ढकलणारा दांडा, नीट टेकत नाही आणि तळ वाकडा झाला की नेम गेलाच. गोळीला चुंबक लावून पाहावे. चिकटली तर गोळीत पोलाद आहे, आणि अशी गोळी डायही खराब करते. संपूर्ण तांब्याच्या गोळ्या या वाटेला नेऊच नयेत, कारण त्यांना लागणारे बळ साध्या प्रेसच्या कुवतीबाहेर जाऊ शकते.

आता खरा अवघड टप्पा. मी पहिल्यांदा हे काम केले तेव्हा गोळ्या मायक्रोमीटरवर बरोबर .३१८ भरल्या आणि मी खूश झालो. मैदानावर मात्र त्या लक्ष्यभर विखुरल्या. मी बारूद बदलली, गोळी किती खोल बसवायची ते बदलले, रायफलीच्या लाकडी दस्त्यालाही दोष दिला, आणि शेवटी वैतागून एक गोळी करवतीने उभी कापली, तर शिशाचा गाभा कवचातून आपोआप निसटून टेबलावर पडला. कारण साधे आहे. डायमधून जाताना कवच आणि गाभा दोघेही आत दबतात, पण बाहेर आल्यावर तांब्याचे कवच थोडे मागे फुलते आणि शिसे जवळजवळ जागच्या जागी राहते, म्हणून दोघांमध्ये फट पडते. नळीत गोळी फिरू लागली की सैल गाभा कवचाबरोबर फिरत नाही, आणि गोळीचा तोल ढासळतो.

यावर मिळणारा सर्वांत प्रचलित सल्ला असा की एका दमात न दाबता दोन-तीन टप्प्यांत दाबावे, म्हणजे गाभा सुटत नाही. हा सल्ला अर्धवट आहे. टप्प्यांमुळे लागणारे बळ कमी होते, तळ चेपत नाही आणि गोळी सरळ राहते, म्हणून मीही प्रथम .३२०५ व मग .३१८ च्या जवळची अशा दोन डाय वापरतो. परंतु कवचाचे फुलणे शेवटच्या टप्प्यानंतरही होतेच, आणि गाभ्याची पकड टप्पे वाढवून परत येत नाही. गोळ्या घडवणारे गाभा कवचात बसवताना तो आतून फुगवतात, बाहेरून आवळत नाहीत, ते यासाठीच. आपल्याला तयार गोळी आवळायचीच आहे, तेव्हा उपाय एकच: ज्यात गाभा कवचाला सांधलेला आहे, म्हणजे बाँडेड, अशीच गोळी निवडावी. ती महाग पडते, हे मान्य. साध्या गोळ्या वापरायच्याच असतील तर प्रत्येक नव्या लॉटमधील दोन-तीन गोळ्या बारीक करून कापून पाहाव्यात. गाभा हलला तर लॉट बाजूला ठेवावा.

त्याच फुलण्यामुळे डायचे भोक हव्या त्या मापापेक्षा किंचित लहान लागते. किती लहान, हे कवचाच्या जाडीवर अवलंबून असल्यामुळे कोणाचाही आकडा उसना घेऊ नये. पाच गोळ्या दाबून मोजाव्यात आणि मगच डायचे भोक पॉलिश करून अंतिम मापावर आणावे. भोक मोठे करता येते, लहान करता येत नाही.

गोळीला लॅनोलिनचा पातळ थर लावावा, टोक पुढे ठेवून तिला एका संथ दाबात पार करावे. मधेच थांबल्यास अंगावर वळे उमटते.

नंतर वंगण स्पिरिटने पूर्ण धुवावे. वजन बदलत नाही, पण गोळीच्या सरळ अंगाची लांबी सुमारे तीन टक्क्यांनी वाढते, कारण धातू कुठे तरी जाणारच. त्यामुळे काडतुसाची एकूण लांबी आणि गोळी बसवण्याची खोली नव्याने ठरवावी. बारुदीचे प्रमाण ‘आय’ काडतुसासाठी प्रसिद्ध झालेल्या तक्त्यातील सर्वांत कमी आकड्यापासून सुरू करावे, ‘आयएस’चा तक्ता उघडूही नये. बारीक केलेल्या गोळ्या डोळ्यांना मूळ गोळ्यांसारख्याच दिसतात, म्हणून त्या जुन्या डबीत परत न टाकता वेगळ्या डबीत ठेवाव्यात आणि डबीवर नवा व्यास व लॉट लिहावा.