पुराने किंवा गळतीने भिजलेली माडीची लाकडी जमीन: घरच्या घरी दुरुस्ती

सांगलीच्या गावभागात २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी खालून चढलं. साताऱ्याच्या पेठांत आणि पाचगणी-महाबळेश्वरच्या बंगल्यांत ते वरून येतं: सरकलेलं कौल, तुंबलेली पन्हळ. पाणी कुठूनही येवो, सागवानी फळ्यांचं जास्त नुकसान पुढच्या महिन्याभरातल्या घाईने होतं. गळती आधी बंद करा, मग फळीला हात लावा.

पहिलं काम म्हणजे मेन स्विच बंद करणं. पुराचा गाळ ओला असतानाच खरवडून आणि बादलीभर पाण्याने काढून टाका, कारण वाळलेली काळी माती फळ्यांच्या सांध्यांत घट्ट बसते आणि आतली ओल कोंडून ठेवते. मऊ ब्रश आणि साबणाचं पाणी पुरतं. प्रेशरच्या पाण्याने लाकडाचे तंतू उचकटतात.

जुन्या वाड्यांत कडीपाटावर, म्हणजे लाकडी कड्या आणि त्यांवरच्या फळ्यांवर, मातीचा थर असतो, आणि खरा धोका तिथे आहे. चार इंचांचा थर पुरता भिजला की एका चौरस मीटरला पावणेदोनशे ते दोनशे किलो भार होतो. त्यावर माणसं नि सामान चढवण्याआधी खालच्या मजल्यावरून टेकू द्या: कड्यांना काटकोनात एक आडवी तुळई आणि तिच्याखाली दर चार फुटांवर उभा टेकू, प्रत्येकाच्या बुडाशी रुंद फळी. मग माती थोडी थोडी काढत या आणि लगेच खाली उतरवा, एका कोपऱ्यात ढीग करू नका. पांढऱ्या मातीची भिंत फुगली असेल किंवा कडीचं भिंतीत गेलेलं टोक दबलं असेल, तर काम थांबवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. ते घरी करायचं काम नाही.

आता वाळवण. कडेच्या पट्ट्या काढा आणि दर चार-पाच फुटांवर एक फळी उचला, म्हणजे खालून हवा खेळेल. पंखे जमिनीलगत आडवे लावा. बाहेर पाऊस असेल तेव्हा खिडक्या बंद, ऊन पडलं की उघड्या. हीटर किंवा शेगडी लावू नका. वरचा पापुद्रा लवकर आकसतो, आतला ओलाच राहतो आणि फळी उभी तडकते. इंचभर जाडीची फळी हवेशीर खोलीत साधारण चार ते सहा आठवडे घेते, कड्यांना त्याहून बराच वेळ लागतो. म्हणून श्रावणातल्या पुराचं पक्कं काम दिवाळीनंतरच काढावं.

वाळलं का हे डोळ्यांनी ठरवू नका. पिनांचं मॉइश्चर मीटर घेऊन फळीची वरची नि खालची बाजू मोजा, आणि त्याच घरातल्या न भिजलेल्या चौकटीशी तुलना करा. फरक दोन टक्क्यांच्या आत आला की पुढे जा. मीटर नसेल तर काढलेल्या फळीचा एक तुकडा त्याच खोलीत ठेवा आणि एक दिवसाआड स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. आठवडाभर वजन हललं नाही म्हणजे वाळला.

कडा वर आणि मध्य खोलगट झालेली फळी पाहून लगेच सँडर फिरवण्याचा मोह होतो. तो आवरा. खालची बाजू जास्त ओली असल्याने ती तशी वाकलेली असते. वाळली की बरीचशी सपाट होते. वाकलेली असताना कडा घासल्या, तर वाळल्यावर त्या खाली जातात आणि मध्य फुगीर राहतो. तेवढी जाडी परत येत नाही.

कुजलेला भाग पेचकसाने शोधा. पाच मिलिमीटरपेक्षा सहज आत गेला तर तेवढा तुकडा बदला. फळीचा काप खालच्या कडीच्या मधोमध घ्या. जमत नसेल तर कडीच्या बाजूला दोन इंची चौरस आधारपट्टी स्क्रूने बसवून तिच्यावर टोक टेकवा. नवा तुकडा किमान दोन कड्या ओलांडेल एवढा लांब हवा. जुनं, मुरलेलं सागवान मिळालं तर उत्तम. नवं असेल तर दोन आठवडे त्याच खोलीत पडू द्या. इंचभर फळीला अडीच इंची स्टेनलेस स्क्रू, आठ नंबरच्या स्क्रूला तीन मिलिमीटरचं भोक. सागवानात भोक न पाडता स्क्रू मारला की टोकाला फळी फाटते.

सहा इंची फळी उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत दीड-दोन मिलिमीटर फुगते. तेवढी फट सांध्यात आणि भिंतीकडेला दहा-बारा मिलिमीटर मोकळी सोडा. सांधे लांबीने (पुट्टीने) भरू नका. लांबी कुरतडून निघते, नाहीतर फुगलेली फळी उचलली जाते.

वाळवी आणि बुरशीसाठी दहा लिटर कोमट पाण्यात २०० ग्रॅम बोरिक ॲसिड आणि ३०० ग्रॅम टाकणखार पूर्ण विरघळवा. फळीच्या खालच्या बाजूला, कापलेल्या टोकांना आणि कड्यांना ब्रशने दोन हात द्या. हातमोजे घाला. ओलावा याआधीच मोजून घ्या, कारण या क्षारांमुळे मीटर जास्त आकडा दाखवतं. हे द्रावण पाण्याने धुतलं जातं, म्हणून गळती राहिली तर त्याचा उपयोग नाही.

खिळ्यांभोवतीचे काळे डाग लोखंड आणि लाकडातल्या टॅनिनचे असतात, घासून जात नाहीत. लिटरभर कोमट पाण्यात १०० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड घालून डागावर लावा, अर्ध्या तासाने दोनदा स्वच्छ पाण्याने पुसा आणि पुन्हा वाळू द्या. ते विषारी आहे. मुलं नि जनावरं दूर ठेवा.

खिळ्यांची डोकी तीन मिलिमीटर आत ठोकून मग ६०, ८० आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर, नेहमी तंतूंच्या दिशेने, तोंडाला मास्क लावून. जमीन लॅमिनेटची असेल तर यातलं काही करू नका. त्यातलं फुगलेलं एचडीएफ (दाबलेल्या लाकडी तंतूंची फळी) पूर्ववत होत नाही, ते बदलावंच लागतं.

शेवटी पीयूचे (पॉलियुरेथेन वार्निशचे) तीन हात, किंवा जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेटतात. पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.