पाच वाजेपर्यंत माहिती द्या: अधिवेशनकाळात तातडीचे उत्तर कसे तयार करावे

राज्य विधिमंडळाची वर्षभरात साधारणपणे तीन अधिवेशने होतात. अर्थसंकल्पीय आणि पावसाळी मुंबईत, तर १९५३ च्या नागपूर कराराला अनुसरून हिवाळी अधिवेशन नागपुरात. विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ सदस्य या काळात तारांकित (सभागृहात तोंडी उत्तराचे) व अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न विचारतात, तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणाऱ्या लक्षवेधी सूचना मांडतात. उत्तर सभागृहात मंत्री देतात, परंतु त्या उत्तरातला आकडा बहुतेक वेळा तालुक्यांची माहिती एकत्र करणाऱ्या जिल्हा कार्यालयातल्या टेबलावरून निघालेला असतो. त्या टेबलावर बसणाऱ्या, विशेषतः नव्याने रुजू झालेल्या कर्मचाऱ्यासाठी हा लेख आहे. उदाहरण अतिवृष्टीने झालेल्या पीक नुकसानीचे घेतले आहे, कारण या विषयावर माहिती मागवली गेली नाही असे अधिवेशन मला आठवत नाही.

प्रश्न मूळ शब्दांत मिळवावा

दुपारी साडेतीनला वरिष्ठ कार्यालयातून दूरध्वनी येतो, “लक्षवेधी लागली आहे, पाच वाजेपर्यंत नुकसानीची माहिती द्या.” मागोमाग व्हॉट्सॲपवर कागदाचा तिरका फोटो येतो आणि त्याची शेवटची ओळ हमखास कापलेली असते. येथे लगेच गणकयंत्राला हात लावण्याचा मोह आवरावा. दूरध्वनीवरचा निरोप तोंडातोंडी येताना बदलतो. मूळ सूचनेत “जून ते ऑगस्ट या कालावधीत” असे असते आणि आपल्यापर्यंत फक्त “नुकसान” एवढाच शब्द पोहोचतो. म्हणून संपूर्ण मजकूर मागवून घ्यावा, तो दोनदा वाचावा आणि विषय, क्षेत्र, कालावधी व सदस्यांनी केलेले विधान यांखाली पेन्सिलीने रेघा ओढाव्यात.

त्यानंतर परत दूरध्वनी करून दोनच गोष्टी विचाराव्यात. माहिती कोणत्या दिनांकाअखेर द्यायची आहे? आणि पाच वाजता ती आमच्याकडून निघायची आहे, की तुमच्या हातात पडायची आहे? या दुसऱ्या प्रश्नाने कधी पंधरा मिनिटे वाढवून मिळतात, कधी हातची जातात; पण निदान आपण कोणत्या घड्याळावर काम करतो आहोत, हे नक्की होते.

त्याच वेळी दुसऱ्या सहकाऱ्याने मागील अधिवेशनाची संचिका काढावी. त्याच विषयावर पूर्वी उत्तर गेले असेल, सभागृहात आश्वासन दिले गेले असेल, तर आजचा आकडा त्याच्याशी पडताळूनच पुढे जायला हवा. आकडा बदलला असेल तर हरकत नाही, पण तो का बदलला हे सांगता आले पाहिजे.

प्रपत्र आधी, निरोप नंतर

तालुक्यांच्या ग्रुपवर “नुकसानीची माहिती तात्काळ पाठवा” असा संदेश टाकला, तर सात तालुक्यांतून सात आकारांची माहिती येते. त्याऐवजी दहा मिनिटे खर्च करून प्रपत्र तयार करावे. रकान्यांची नावे पूर्ण लिहावीत, क्षेत्र हेक्टरमध्ये आणि रक्कम लाखांत की रुपयांत हे रकान्यातच नमूद करावे, दिनांक छापून द्यावा आणि पहिल्या ओळीत एक काल्पनिक नमुना भरून दाखवावा. “माहिती निरंक असल्यास निरंक असे लिहावे, रकाना रिकामा ठेवू नये” ही ओळ अवश्य असावी. रिकाम्या रकान्याचा अर्थ नुकसान नाही असा की माहिती आली नाही असा, हे पावणेपाच वाजता कळण्यास मार्ग नसतो.

प्रपत्र पाठवल्यावर प्रत्येक तालुक्यात एका व्यक्तीला नावानिशी दूरध्वनी करावा. ग्रुपवरचा संदेश सर्वांना मिळतो, म्हणजे कोणालाच मिळत नाही. आपल्याला पाच वाजता हवी असेल, तर तालुक्याला सव्वाचारची वेळ द्यावी आणि खरे कारणही सांगावे. उगाच “साहेब ओरडत आहेत” असे सांगून मिळवलेली माहिती घाईत भरलेली असते. आकडे येईपर्यंत हात बांधून बसू नये; वस्तुस्थितीचा मजकूर आकड्यांच्या जागा मोकळ्या ठेवून लिहायला घ्यावा.

आकडे हातात आल्यावर

खरे काम येथे आहे आणि मिळालेल्या वेळेतला मोठा वाटा येथेच द्यावा. नुकसानीच्या माहितीत एकसारखे दिसणारे परंतु वेगवेगळे अर्थ असलेले आकडे असतात. पाऊस झालेले क्षेत्र निराळे, बाधित क्षेत्र निराळे, आणि ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झाल्यामुळे मदतीस पात्र ठरलेले क्षेत्र निराळे. (२०१५ पूर्वी ही मर्यादा ५० टक्के होती, त्यामुळे जुन्या वर्षांशी तुलना मागितली असेल तर हे लक्षात ठेवावे.) निधीचेही तसेच आहे. मागणी केलेला, मंजूर झालेला, वितरित झालेला आणि शेतकऱ्यांच्या खात्यावर प्रत्यक्ष जमा झालेला, असे चार आकडे असतात आणि “किती शेतकऱ्यांना मदत मिळाली” या प्रश्नाचे उत्तर फक्त चौथा आकडा देतो. एका सातबाऱ्यावर चार खातेदार असू शकतात, म्हणून आपण शेतकरी मोजले की गट क्रमांक, हेही तालुक्याला विचारून घ्यावे.

एक चूक मी स्वतः केली आहे. गावनिहाय विवरणपत्राची बेरीज पंचनाम्यांच्या आधीच्या गोषवाऱ्यापेक्षा सुमारे साडेतीन हेक्टरने जास्त येत होती. सूत्र तपासले, ओळी मोजल्या, काही सापडेना. शेवटी एका गावाची मूळ यादी काढली, तेव्हा दिसले की २ हेक्टर ५ आर हे क्षेत्र २.५ असे भरले होते. शंभर आरांचा एक हेक्टर होतो, त्यामुळे ते २.०५ हवे होते. संगणकाने ते निमूटपणे २ हेक्टर ५० आर धरले. अशा दहा-बारा ओळी निघाल्या आणि त्या मीच दुपारी घाईने टंकल्या होत्या. तेव्हापासून क्षेत्राच्या रकान्यात दशांशानंतर दोन अंक सक्तीचे करतो आणि बेरीज उभी व आडवी, दोन्हीकडून घेतो.

मजकूर लिहिताना

लक्षवेधीसाठी सलग निवेदनाला उपयोगी पडेल अशी वस्तुस्थिती द्यावी लागते, तर प्रश्नाला भागनिहाय उत्तर. “होय, हे खरे आहे”, “हे अंशतः खरे आहे”, “हे खरे नाही”, “प्रश्न उद्भवत नाही” ही ठरलेली वाक्ये सर्वांना पाठ असतात आणि म्हणूनच ती धोक्याची असतात. अंशतः खरे असेल तर कोणता अंश, हे पुढच्याच वाक्यात यावे. पहिल्या भागात नुकसान झाल्याचे मान्य करून तिसऱ्या भागातील उपाययोजनेला “प्रश्न उद्भवत नाही” असे लिहिलेले मसुदे मी पाहिले आहेत. ते लिहिणाऱ्याने प्रश्न वाचला नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते.

“कार्यवाही सुरू आहे” या वाक्याने कोणाचेही समाधान होत नाही. कोणती कार्यवाही, कोणाकडे आणि कोणत्या दिनांकापासून, हे लिहावे. दोन तालुक्यांची माहिती आलीच नाही, तर त्यांचे आकडे अंदाजाने भरू नयेत. “सातपैकी पाच तालुक्यांची माहिती अशी असून उर्वरित दोन तालुक्यांची माहिती प्राप्त होताच सादर करण्यात येईल” हे वाक्य मूळ मजकुरात ठेवावे, तळटिपेत नव्हे. अपुरी माहिती मंत्री सभागृहात निभावून नेऊ शकतात. चुकीच्या माहितीतून हक्कभंगाची (सभागृहाची दिशाभूल केल्याची) सूचना येऊ शकते आणि मग तो आकडा कोणाच्या टेबलावरून आला, याचा शोध सुरू होतो.

वेळ उरला तर एक पानाची पूरक टिपणी जोडावी. उपप्रश्न कोणते येतील, हे स्थानिक वर्तमानपत्रांतील त्या आठवड्याच्या बातम्या पाहिल्यावर बरेचसे कळते.

पाठवताना

स्वाक्षरीपूर्वी छापील प्रत दोघांनी मिळून वाचावी. एकाने आकडे मोठ्याने म्हणावेत, दुसऱ्याने मूळ तक्त्यात बोट ठेवावे. मजकूर युनिकोडमध्येच असावा, कारण कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला परिच्छेद समोरच्या संगणकावर उघडला की अक्षरांची रांगोळी होते आणि तिकडे तो कोणीतरी घाईघाईने पुन्हा टंकतो. स्वाक्षरीची पीडीएफ आणि दुरुस्त करता येईल अशी फाईल, दोन्ही पाठवावे. ईमेल गेल्यावर दूरध्वनी करून फाईल उघडली का, हे विचारावे आणि उत्तर देणाऱ्याचे पदनाम व वेळ नोंदवून ठेवावी.

सहा वाजता एखाद्या तालुक्याचा सुधारित आकडा आलाच, तर तो गुपचूप तोंडी कळवू नये. “यापूर्वी सादर केलेली माहिती रद्द समजावी” असा स्पष्ट उल्लेख करून संपूर्ण तक्ता नव्याने पाठवावा आणि त्याची प्रत सातही तालुक्यांना द्यावी, म्हणजे दुसऱ्या दिवशी विधान परिषदेतून त्याच विषयाचा प्रश्न आल्यावर सगळे एकच तक्ता उघडतील.